न खपलेला नांगर

1903 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला आणि तो घ्यायला कुणी आले नाही. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. मराठी उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे कंगोरे झिजून गेले आहेत. शाळेतल्या भाषणात, उद्योजकता शिबिरात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत ती ठरलेल्या चालीवर येते. शेतकरी अडाणी होते, लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्यांची समजूत होती, लक्ष्मणराव डगमगले नाहीत आणि शेवटी जिद्द जिंकली.

ही चाल मला पटत नाही. जिद्दीने माल खपतो असे असते तर कर्ज काढून उभारलेले आणि दोन-तीन वर्षांत कुलूप लागलेले कितीतरी कारखाने आज चालू दिसले असते. त्या माणसांकडेही जिद्द होतीच. त्यांची चरित्रे कुणी लिहीत नाही, एवढाच फरक. शिवाय या कथेत गिऱ्हाईक मूर्ख ठरते, आणि नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलामुलींना याहून वाईट शिकवण दुसरी नसेल. आपला माल कुणी घेत नाही म्हणजे लोकांना अजून कळत नाही, असे मनाला समजावत त्यांनी बसून राहायचे, एवढाच बोध त्यातून निघतो. त्या दोन वर्षांत शेतकरी नेमके कशाला नाही म्हणत होते, हे नीट पाहिले की गोष्ट वेगळी दिसू लागते. मला तरी ती मूळ कथेपेक्षा मोठी वाटते.

आधी लक्ष्मणराव कोण होते ते पाहू. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि रंगकाम सुटले. मग ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. नोकरी सांभाळून, थोरले बंधू रामुअण्णांच्या मदतीने, 1888 पासून बेळगावात सायकली विकायला सुरुवात केली. त्या काळी एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत. सायकल चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे.

हे 15 रुपये मला महत्त्वाचे वाटतात. सायकल विकणे म्हणजे माणसाला तोल सांभाळायला शिकवणे, हे या भावांना पहिल्यापासून ठाऊक होते. नांगराच्या बाबतीत मात्र त्यांना वाटले असणार की शेतकऱ्याला नांगरट काय शिकवायची, त्याच्या तर ती पिढ्यान्‌पिढ्या अंगात भिनलेली. हा माझा तर्क आहे. पण नव्या वस्तूचा धंदा नेमका अशाच ठिकाणी अडतो. गिऱ्हाइकाला सगळे येते असे विकणारा गृहीत धरतो, आणि त्याला जे येते ते जुन्या वस्तूपुरतेच असते, हे ध्यानात येत नाही.

पुढे नोकरीत डावलले गेल्यावर लक्ष्मणराव बेळगावला परतले आणि छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग विलायती नमुना समोर ठेवून नांगर.

आता शेतकऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या नांगराकडे वळू. बाभळीच्या भक्कम लाकडाचे खोड, त्यात बसवलेला लांब हाळीस, हातात धरायचे रुमणे, पुढे जू. आणि खोडाच्या टोकाला, जमिनीत शिरणारा फाळ. हा फाळ कशाचा? लोखंडाचा. गावचा लोहार तो घडवी, झिजला की पाणी देऊन शेवटून देई. जमिनीला लागणारा, मातीत घुसणारा, दरवर्षी तासातासाने झिजून त्याच मातीत मिसळणारा भाग कित्येक शतके लोखंडाचाच होता. मग लोखंडाने जमीन विषारी होते ही शेतकऱ्याची समजूत आली कुठून? तो ज्या रानात नांगरत होता त्यात त्याच्या पणजोबापासून लोखंड जिरत आले होते.

मला वाटते, हा आक्षेप लोखंड या धातूवर नव्हताच. नव्या नांगराला पत्र्यासारखा वळवलेला पंखा होता. लाकडी नांगर जमीन चिरत जातो, हा नांगर ती उचलून पालथी घालतो. खालची माती वर येते. काळ्या रानात खालचा थर पुष्कळदा चोपण, ढेकळाचा असतो. तो वर आला की पहिल्या वर्षी पीक मार खाऊ शकते. दुसरे म्हणजे पालथ्या घातलेल्या मातीतली ओल उन्हाने लवकर उडते. ज्या मुलखात ज्वारीचे रब्बी पीक ऑक्टोबरनंतर केवळ जमिनीतल्या ओलीवर उभे राहते, तिथे ओल जाणे म्हणजे दाणा जाणे. कुठल्यातरी शेतकऱ्याने कुठलातरी विलायती नांगर अवेळी चालवलेला पाहिला असेल, पीक बसले असेल, आणि त्याने शेजाऱ्याला सांगितले असेल की जमीन नासली. ‘विष’ हा त्या अनुभवाचा निष्कर्ष असू शकतो. निष्कर्ष चुकीचा, पण निरीक्षण खोटे म्हणता येत नाही.

हे म्हणायला मला एक साक्षीदारही आहे. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ. 1889 मध्ये सरकारने त्यांना हिंदुस्थानातल्या शेतीची पाहणी करायला पाठवले. त्यांचा अहवाल 1893 मध्ये आला. साहेबी अवजारांनी इथली शेती सुधारेल अशी अनेकांची अपेक्षा होती. व्होल्करांनी देश फिरून पाहिला आणि लिहिले की इथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसही. सुधारलेल्या नांगरांबद्दल ते सावध होते. बैल बारीक, किंमत न परवडणारी, मोडल्यावर दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न, आणि मातीची ओल टिकवण्याचा मुद्दा, हे सगळे त्यांनी नोंदवले. बेळगावात न खपलेल्या नांगराची बरीचशी कारणे दहा वर्षे आधीच छापून तयार होती. सरकारी अहवाल छोट्या कारखानदाराच्या हाती पडणे कठीण, हे खरे. पण अशी माहिती कुठेतरी असतेच, आणि माल बनवण्याआधी ती शोधायला हवी असे मला कळकळीने वाटते.

दुरुस्तीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. लाकडी नांगर मोडला तर शेतकरी सुताराकडे जाई. पैसे द्यायचे नसत. सुतार आणि लोहार बलुतेदार होते, सुगीला खळ्यावर त्यांचा वाटा निघे. म्हणजे नांगर ही वस्तू शेतकरी विकत घेतच नव्हता. तो गावाशी असलेल्या नात्यातून मिळे, आणि त्या नात्यातूनच वर्षभर चालू राही. लक्ष्मणराव त्याच्यापुढे जी वस्तू ठेवत होते तिला रोख पैसे मोजावे लागत, आणि तिचा एखादा भाग मोडला तर गावात कुणाच्याही हाताला तो करता येत नव्हता. बिडाचे ओतकाम लोहाराच्या भात्यावर होत नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडून पडला तर बेळगावची वाट धरायची, की शेजाऱ्याचा लाकडी नांगर मागायचा?

आणि रोख पैसे कुठून यायचे? साल पुन्हा एकदा पाहा. 1896-97 चा दुष्काळ, लागलीच 1899-1900 चा त्याहून मोठा दुष्काळ. 1896 पासून मुंबई इलाख्यात प्लेगची साथ. दख्खनच्या गावांतून जनावरे चाऱ्यावाचून मेली होती. जे शेतकरी तगले ते सावकाराच्या वहीत अडकले होते. त्याच्या पाव शतक आधी, 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते याच कर्जापायी. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला 1904 साल उजाडावे लागले. 1903 मध्ये, दोन दुष्काळांतून उठणाऱ्या शेतकऱ्यासमोर नवा, न पारखलेला, रोखीचा नांगर आला आणि त्याने हात आखडता घेतला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केले असते.

याच आक्षेपाची एक गोष्ट अमेरिकेतही घडली आहे, तीही शंभर वर्षे आधी. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने 1797 मध्ये बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांनी तो नाकारला. कारण काय? लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते. शब्दसुद्धा तेच. बेळगावचा कुणबी आणि न्यू जर्सीचा गोरा शेतकरी यांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दोघे एकच बोलले. म्हणजे ही इथल्या अडाणीपणाची खूण मानता येत नाही. ज्याची पोटाची भाकर एका हंगामावर उभी आहे तो माणूस, त्याची भाषा कुठलीही असो, नव्या अवजाराला असेच उत्तर देतो.

न्यूबोल्डचा नांगर पुढे गेला नाही. त्याने तो एकाच तुकड्यात ओतला होता. टोक मोडले की सगळा नांगर भंगारात. मग न्यूयॉर्क राज्यातल्या जेथ्रो वूडने 1819 मध्ये ज्या नांगराचे पेटंट घेतले त्याचे भाग सुटे होते. झिजलेला फाळ काढून दुसरा बसवता येई. हा नांगर शेतकऱ्यांनी घेतला. विषाची भाषा हळूहळू विरली. वूडने कुणाला रसायनशास्त्र समजावून सांगितले नव्हते. मोडल्यावर काय, या न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले होते. पुढे 1837 मध्ये इलिनॉयच्या चिकट काळ्या मातीत बिडाचे नांगर माखून अडकू लागले तेव्हा जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादाचा गुळगुळीत नांगर केला, तोही शेतकऱ्यांच्या कुरकुरीतूनच. आपल्या काळ्या रानात चिखलाने भरलेला फाळ दर तासाला पायाने खरडणाऱ्या माणसाला ती कुरकुर लगेच ओळखू येईल.

आता बेळगावला परत येऊ, कारण गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग पुढेच आहे आणि नेमका तोच भाषणांत एका वाक्यात उरकला जातो.

दोन वर्षांनंतर नांगर विकले गेले. किर्लोस्करांच्या आठवणींतून असे कळते की ज्याने नांगर घेतले तो गिऱ्हाईक परत आला. आभार मानायला आला नव्हता. तुमच्या नांगराचा फाळ मऊ आहे, विलायती नांगराच्या मानाने लवकर झिजतो, अशी तक्रार घेऊन आला होता.

हा प्रसंग नीट पाहा. दोन वर्षे जे नाही म्हणत होते त्यांनी नांगर जमिनीत घातलाच नव्हता. त्यांचा नकार खरा होता, सकारण होता, पण त्यातून कारखान्यात काय बदलायचे हे कळण्याजोगे नव्हते. विष, धर्म, नशीब, भाव, अशा शब्दांत तो येई. हा माणूस मात्र वापरून आला होता. त्याला नांगर हवा होता, म्हणून तो तक्रार करत होता. ज्याला वस्तू नको असते तो तक्रार करायला पायपीट करत नाही, गप्प राहतो. आणि त्याने बोट ठेवले ते थेट एका जागेवर. फाळ. म्हणजे जिथे जुन्या नांगरातही लोखंडच होते, जिथे शेतकऱ्याची पारख पिढ्यांची होती, तिथेच लक्ष्मणरावांचे लोखंड कमी पडले होते. शेतकऱ्याला लोखंड कळत नाही असे मानणाऱ्या सगळ्या कथांना हे उत्तर आहे. त्याला कारखानदारापेक्षा ते जास्त कळत होते.

लक्ष्मणरावांनी ती तक्रार मनावर घेतली. फाळाच्या लोखंडावर ते काम करत राहिले, तो विलायती फाळाच्या तोडीचा होईपर्यंत. हे सोपे काम नव्हते. फाळ एकाच वेळी कठीणही हवा आणि ठिसूळ नसलेलाही हवा. सगळाच कठीण केला तर दगडाला लागून तुकडे पडतात, मऊ ठेवला तर बोथटतो. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने 1803 मध्ये यावर तोड काढली होती. त्याच्या ओतशाळेत म्हणे एकदा साचा फुटला आणि वितळलेले बीड थंड लोखंडाला जाऊन लागले. जिथे लागले तिथे ते झटकन थंड होऊन विलक्षण कठीण झाले, बाकीचा भाग मऊच राहिला. त्यावरून त्याने असा फाळ केला की त्याची खालची बाजू कठीण आणि वरची मऊ. जमिनीत चालताना वरची बाजू आधी झिजते आणि खालच्या बाजूची धार आपोआप कायम राहते. विलायतेहून येणाऱ्या नांगरांच्या मागे शंभर वर्षांची ही विद्या होती, आणि बेळगावच्या छोट्या कारखान्याची तुलना गिऱ्हाईक तिच्याशी करत होता. देशी माल आहे म्हणून सवलत द्यायला तो तयार नव्हता. त्याचे हे वागणे मला अतिशय योग्य वाटते. त्याने सवलत दिली असती तर फाळ मऊच राहिला असता.

यानंतर नांगर खपू लागला, पण धंद्याच्या अडचणी संपल्या नाहीत. नगरविस्तारासाठी बेळगावच्या नगरपालिकेला ती जागा हवी होती, कारखाना हलवणे भाग पडले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ निवडुंगाने भरलेला 32 एकरांचा माळ आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले, आणि 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात विलायती नांगर येईनासे झाले, मागणी वाढली, पण लोखंडही मिळेना. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. हा भाग सगळ्यांना आवडतो आणि आवडावा असाच आहे. तरी माझ्या मते, हाताशी विश्वासार्ह फाळ नसता तर तोफा मिळूनही उपयोग झाला नसता.

किर्लोस्करवाडीतून पुढे उसाचे चरक निघाले, शेंगा फोडायची यंत्रे निघाली, पाण्याचे पंप निघाले. यादी वाचताना एक गोष्ट जाणवते. प्रत्येक वस्तू शेतकऱ्याच्या पुढच्या अडचणीवर बेतलेली आहे. नांगरट झाली, मग पाणी. ऊस आला, मग तो गाळणे. भुईमूग निघाला, मग शेंगा फोडणे. ज्या घराने एका तक्रारीतून पहिला धडा घेतला त्याला पुढचे काम शोधायला लांब जावे लागले नाही. 1920 मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक काढले. शंकरराव किर्लोस्कर संपादक. कारखान्याची आणि मालाची हकीकत लोकांपर्यंत जावी हा आरंभीचा हेतू. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला एक वळण लागले. नांगर विकणाऱ्या माणसांना गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याची गरज वाटली, तिच्यातून हे सारे उगवले. दिवाळी अंकाच्या वाचकाने या नात्याची आठवण ठेवावी असे मला वाटते.

आज पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी हे स्टेशन आहे. आजूबाजूला पलूस तालुक्यातला ऊस आणि द्राक्षे. नांगरट ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने होते, माती खालवर होते, आणि त्याने जमीन नासते असे कुणी म्हणत नाही. अगदी खोल नांगरटीने ओल जाते का, दरवर्षी करावी का, यावर मात्र शेतीतज्ज्ञ आणि शेतकरी पुन्हा वाद घालत आहेत. विनानांगरणीची शेती करणारे गट महाराष्ट्रात उभे राहिले आहेत. व्होल्करांनी नोंदवलेला ओलीचा मुद्दा असा सव्वाशे वर्षांनी परत चर्चेत आला आहे, आणि 1903 च्या शेतकऱ्याचा आक्षेप आपण जितक्या सहजपणे हसण्यावारी नेला तितका तो हलका नव्हता.

नवउद्योजकांना आज बाजार पाहणी करा असे सांगतात. छापील प्रश्नावली घेऊन मुले दारोदार जातात, तुम्ही हे घ्याल का असे विचारतात, लोक भिडेखातर हो म्हणतात. 1903 मध्ये अशी पाहणी झाली असती तर शंभर टक्के उत्तर आले असते की लोखंडी नांगर करू नका. 2025 मध्ये पुष्कळदा उलटे होते, सगळे हो म्हणतात आणि दुकान उघडल्यावर कुणी फिरकत नाही. दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी आहेत, कारण वस्तू कुणीच वापरलेली नसते. त्यापेक्षा तीन-चार जणांच्या हाती ती एका हंगामासाठी द्यावी, त्यांच्या बांधावर उभे राहून पाहावे, आणि परत येऊन ते काय कुरकुरतात ते ऐकावे. जे काहीच कुरकुरत नाहीत आणि वस्तू कोपऱ्यात ठेवून देतात, त्यांचे उत्तर सगळ्यात स्पष्ट असते. ते ऐकायला मात्र धीर लागतो, कारण अशा वेळी धंदा थांबवणे हाच शहाणपणा असू शकतो. लक्ष्मणरावांच्या नशिबाने त्यांना तक्रार करणारा भेटला.

या सगळ्यात एक माणूस राहून जातो. गावचा सुतार. लोखंडी नांगर शेतकऱ्याने नाकारला तेव्हा त्या नकारात सुताराच्या बलुत्याची सोय दडलेली होती, आणि शेतकऱ्याने तो स्वीकारला तेव्हा नांगर घडवण्याचे त्याचे काम गेले. बैलगाडी, कुळव, पाभर यांवर तो आणखी काही दशके तगला, मग ट्रॅक्टर आला. फाळ घडवणारा लोहार काही ठिकाणी वेल्डिंगकडे वळला, आज तालुक्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरची अवजारे जोडून देणारी जी वर्कशॉप दिसतात त्यांतली काही अशाच घरांची आहेत. सुताराच्या बाबतीत तसे फारसे झाले नाही. माल कुणाला हवा आणि कुणाला नको याचा हिशेब आपण विकणारा आणि घेणारा या दोघांतच मांडतो. बाभळीचे खोड तासणाऱ्या त्या तिसऱ्या माणसाचे म्हणणे त्या वेळी कुणी लिहून ठेवले असते, तर बलुतेदारी कशी मोडत गेली हे आपल्याला आतून समजले असते. किर्लोस्करवाडीचा इतिहास लिहून झाला आहे. भोवतालच्या गावांतल्या सुतारांचा अजून लिहायचा आहे, आणि त्यांच्या घरांतली ज्यांना आजोबांच्या कामाच्या गोष्टी आठवतात अशी माणसे आता म्हातारी झाली आहेत.